कुंकू लावलेली मशीनं

भर मे महिन्यात अंगात लोकरीचा स्वेटर घालून स्कूटर चालवणारी बाई हिंजवडीच्या बाजूला कुणी पाहिली असेल, तर ती मी. दुपारी जेवायला घरी जायच्या गडबडीत स्वेटर काढायचा राहून जायचा. सिग्नलला उभ्या असलेल्या कॅबमधले ड्रायव्हर बघून हसायचे. माझा नवराही कंपनीची कॅबच चालवतो, त्यामुळे त्यातला एखादा त्याचा दोस्त निघायचा आणि मी घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. मला राग लवकर येतो. पण इथे राग धरून उपयोग नव्हता, कारण दिसतच असेल तसं विचित्र.

स्वेटर लागायचा, कारण मी ज्या खोलीत काम करते ती खोली बारा महिने थंडगार ठेवलेली असायची. आमची कंपनी लहान आहे. कारखान्यांचे पगार, दवाखान्यांचे केसपेपर, शाळांच्या फिया, दूध संस्थांचं संकलन, असली दुसऱ्यांची कामं आमच्या सर्व्हरवर चालतात. लोखंडी रॅकमध्ये एकावर एक रचलेली ही मशीनं दिवसरात्र चालू असतात. चालू असली की तापतात, तापली की एसी लागतो. म्हणजे विजेचं बिल दोनदा भरायचं, एकदा मशीन चालवायला आणि एकदा त्याला गार करायला. वर लाइट गेली की जनरेटर सुरू होतो आणि डिझेल पिऊ लागतो. गेटवरचे वॉचमन आमच्या खोलीला सरळ ‘फ्रीज’ म्हणतात.

हा फ्रीज जिथे उभा आहे तिथे माझ्या सासरची भाताची खाचरं होती. मी लग्न होऊन आले तेव्हा जमीन जाऊन बराच काळ लोटला होता. उरलेल्या तुकड्यावर सासूबाईंनी ओळीने खोल्या बांधल्या होत्या आणि त्या कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांना भाड्याने दिल्या होत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. कोणत्या खोलीत कोण राहतं, कुणाकडे पाहुणा आलाय, कुणी गिझर चालू ठेवून कामाला गेलंय, हे त्यांना अंगणात बसून कळतं. भाडेकरू त्यांना थोडे घाबरतात आणि सणाला नमस्कार करायला येतात.

माझा कॉम्प्युटरचा डिप्लोमा लग्नामुळे अर्धा राहिला होता. मी तो विषय सोडूनही दिला होता. लग्नानंतर पहिल्याच जूनमध्ये आत्यांनी मला विचारलं, "तुजं ते शिक्षान किती ऱ्हायलंय?"

"एक वर्ष. राहू द्या आता."

"ऱ्हाऊ द्या कशाला? आगं, जमीन आपली गेली. गेटवर आपली पोरं उभी हायेत, गाडीवर आपली पोरं हायेत, झाडांना पानी घालाया आपल्याच बाया जात्यात. पर आत खुर्चीवर आपलं एक बी मानूस न्हाई. तू पुरं कर आन आत जाऊन बस."

त्यांनी हे प्रेमाने वगैरे सांगितलं नाही. खोलीचं भाडं मागावं त्या आवाजात सांगितलं. मी कॉलेजला जायला लागले. पुढे मुलगी झाली तेव्हा तिला आत्यांनी सांभाळलं आणि मी परीक्षा दिली. नोकरी लागली तीही याच इमारतीत. पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "खुर्ची दिली का?" मी हो म्हणाले. "चाकाची का बिनचाकाची?" चाकाची, असं सांगितल्यावर त्या चहा टाकायला उठल्या. आज जे काही माझं आहे त्याची सुरुवात आत्यांच्या त्या खडसावण्यात आहे, हे मी कुणालाही सांगते.

म्हणूनच दोन-अडीच वर्षांपूर्वी ती खुर्ची जायची वेळ आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी आत्या आल्या.

संक्रांतीच्या सुमारास खर्च बघायला पुण्याच्या एक नवीन मॅडम आल्या होत्या. नीटनेटक्या, बोलायला मोजक्या. त्यांनी आठवडाभर नुसती बिलं वाचली आणि मग आम्हाला बोलावून शांतपणे सांगितलं, "आपली अर्धी कमाई ही खोली खातेय. दसऱ्यापर्यंत विजेचं आणि डिझेलचं बिल निम्म्यावर आलं, तर ठीक. नाही तर सगळं नवी मुंबईला भाड्याच्या जागेत हलवायचं, असं वरून ठरलंय." तिथे मशीनं सांभाळायला त्यांची माणसं असणार होती. म्हणजे आमची गरज संपली. याच पट्ट्यात मला दुसरी नोकरी मिळाली असती, पण विचारपूस केली तिथे सगळ्यांना रात्रपाळीची माणसं हवी होती. नवऱ्याची कॅब रात्रीची. मुलगी अजून लहान, आणि आत्यांचं वय झालेलं. घरी राहण्यावाचून मला मार्ग उरला नसता.

मी त्या दिवशी घरी काही बोलले नाही. आत्यांना मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. वॉचमन आमच्या भावकीतलाच आहे.

बिल एवढं का येतं हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मला जुना राग होता. आमच्याकडे पद्धत अशी पडली होती की नवीन काम आलं की नवीन मशीन घ्यायचं. ज्याचं त्याचं मशीन. एका शाळेच्या फीचं मशीन जूनमध्ये थोडे दिवस राबायचं आणि उरलेलं वर्ष झोपा काढायचं. आणि झोपलेलं मशीन वीज खायची थांबत नाही. नुसतं चालू ठेवलं तरी ते बऱ्यापैकी वीज ओढतं, उष्णता फेकतं, आणि ती उष्णता बाहेर काढायला एसी धडपडत राहतो. मी हे दोनतीनदा बोलून दाखवलं होतं. पण तेव्हा धंदा बरा चालला होता, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

यावरचा उपाय काही गुपित नव्हता. नव्या बनावटीचं, दणकट पण कमी वीज खाणारं मशीन आणायचं आणि त्याच्या आत सॉफ्टवेअरच्या भिंती घालून बरीच मशीनं वसवायची. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. आतल्या प्रत्येक मशीनला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. शाळा झोपलेली असेल तेव्हा तिची ताकद कारखान्याला वापरता येते.

आत्या पाण्याच्या टाकीवर नजर ठेवून अंगणात बसल्या होत्या तेव्हा मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी आपल्या खोल्याच की. बिऱ्हाडं येगळी, मोटर एक."

"तसंच."

"आन मोटर जळली तर?"

"म्हणून दोन मशीनं मागितलीत. एक बंद पडलं तर बिऱ्हाडं दुसऱ्यात हलवायची."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि मोटर बंद करायला उठल्या.

तो बिऱ्हाड शब्द माझ्या तोंडात बसला तो बसलाच. मीटिंगमध्ये मी बोलता बोलता ‘या मशीनमध्ये हॉस्पिटलचं बिऱ्हाड ठेवू’ असं म्हणून गेले. मॅडम हसल्या. मला वाटलं आता माझी गावठी म्हणून गंमत होणार आणि माझ्या कपाळाला आठी पडली. पण पुढच्याच आठवड्यात त्या स्वतः विचारत होत्या, "मग, पहिलं बिऱ्हाड कधी हलवताय?"

तेच तर अडलं होतं. विकणाऱ्या कंपनीने दोन नवीन मशीनं वापरून बघायला दिली होती, आवडली तर ठेवा म्हणून. ती रॅकमध्ये बसवून झाली होती. पण गिऱ्हाइकांना विचारलं की सगळे नन्नाचा पाढा वाचायचे. कारखाना म्हणाला आमचा पगार झाल्यावर बघा. दवाखाना म्हणाला साथीचे दिवस आहेत. चालतंय ते हलवू नका, हा सगळ्यांचा सूर. नवी मशीनं रिकामी घुमत होती, जुनीही चालू होती आणि बिल कमी व्हायचं सोडून वाढलं. जुलै आला तरी एकही बिऱ्हाड हललं नव्हतं.

मग मी ठरवलं, हलवता येत नसेल तर निदान मेलेली मशीनं तरी बंद करू. आणि इथे आमच्या काकांचं कुंकू मध्ये आलं.

काका म्हणजे आमच्याकडे विजेचं आणि एसीचं काम बघणारे गृहस्थ, पौडच्या बाजूचे. खंडेनवमीला मशीनांची पूजा तेच करतात. पहिल्यापासून त्यांचा नियम असा की ज्या मशीनचा दिवा लागलेला आहे त्याला कुंकवाचं बोट लावायचं आणि झेंडूचं फूल वाहायचं. बंद मशीनला कुंकू लावायचं नाही, ते बरं दिसत नाही म्हणे. फुलं दुसऱ्या दिवशी निघायची, कुंकू मात्र वर्षभर टिकायचं, कारण त्या खोलीत ना ऊन ना पाऊस. त्यामुळे कुणी न ठरवता, कुठे न लिहिता आमच्यात एक समजूत रूढ झाली होती. कुंकू असलेलं मशीन चालू, त्याला हात लावायचा नाही. कुंकू नसलेलं मशीन बंद. नवीन आलेली पोरंसुद्धा आठवड्याभरात हे शिकायची. मी डिप्लोमावाली, मीही तसंच बघायचे.

श्रावणातली संध्याकाळ उलटून गेली होती. काका आणि मी रॅक धुंडाळत होतो. सगळ्यात खालच्या फळीवर एक बुटकं मशीन होतं, पुढचा दिवा विझलेला.

"ह्याला कुंकू न्हाई," काका वाकून म्हणाले. "दिवा बी न्हाई. कवाचं मेलेलं दिसतंय."

"ओढा वायर, बंद असलं तरी थोडी वीज खातंच," मी म्हणाले.

त्याच्या वरच्याच फळीवर दुसरं मशीन होतं. त्यावर काकांनीच मागे कधीतरी ‘दूध’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि कुंकू चांगलं ठसठशीत होतं. त्याला आम्ही हात लावला नाही. उलट काकांनी जाता जाता त्याच्यावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फोन वाजला. मुळशी धरणाकडच्या एका गावात बायकांची दूध संस्था आहे, तिच्या सचिव बाईंचा. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या काट्यावर दूध मोजलं, फॅट लागली की आमच्या सर्व्हरवरून भाव लागतो आणि पावती निघते.

"ताई, यंत्र मुकं झालंय," अक्का म्हणाल्या. "दूध मापतंय, पर पावती दीना. बाया बरन्या घिऊन हुब्या हायेत."

‘दूध’ चिठ्ठीचं मशीन तर चालू होतं. अंघोळ न करता मी ऑफिस गाठलं आणि बघितलं तेव्हा कळलं. संस्थेचं जुनं मशीन म्हणजे ते चिठ्ठीवालं. गेल्या मार्गशीर्षात काम त्याच्यावरून खालच्या बुटक्या मशीनवर नेलं होतं. मी तेव्हा भावाच्या लग्नाला माहेरी होते आणि ज्याने नेलं तो मुलगा नोकरी सोडून गेला. दसरा होऊन गेला होता, म्हणून बुटक्याला कुंकू लागलं नाही. त्याचा पुढचा दिवा तेवढा जळालेला होता. आणि चिठ्ठीवालं मशीन कुंकू मिरवत तेव्हापासून रिकामं चालू होतं. आम्ही राबणाऱ्याची वायर ओढली होती आणि झोपलेल्याची धूळ पुसली होती.

वायर परत लावली. बुटकं मशीन थोडं कुरकुरलं आणि गप्प झालं. जुन्या मशीनांचं असं होतं, चालू असतात तोवर चालतात, एकदा थांबली की उठत नाहीत. काका तिथेच फरशीवर बसले. "माज्या कुंकवानं घात केला," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी त्यांच्यावर ओरडले. कुंकवाचं काय घेऊन बसलात, उठा म्हणाले. मला रडू येत होतं आणि रडण्यापेक्षा ओरडणं मला सोपं जातं. आता दसऱ्याची वाट बघायची गरज नाही, आजच सगळं संपलं, असं मनात पक्कं झालं होतं.

मॅडमना फोन केला. झालं ते सगळं सांगितलं, कुंकवासकट. मग त्यांनी विचारलं, "बॅकअप आहे?"

"परवा रात्रीचा आहे. कालचं सकाळ-संध्याकाळचं दूध त्यात नाही."

"आणि नवीन मशीन रिकामं आहे."

"आहे."

"मग आता कुणाची परवानगी विचारत बसू नका. संध्याकाळच्या दुधाच्या आत करा. मी येतेच आहे."

त्या एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. दोष देणारं माणूस अशा वेळी हात बांधून टाकतं, मॅडमनी माझे हात मोकळे केले. मी त्यांना मनात काय काय नावं ठेवली होती, ती सगळी मी त्या दिवशी परत घेतली.

नव्या मशीनमध्ये भिंती घालून एक बिऱ्हाड तयार केलं आणि बॅकअप त्यात ओतला. नवीन हार्डवेअर मागवायचं नाही, बसवायचं नाही, स्क्रू शोधायचे नाहीत. जुन्या पद्धतीने याला आठवडा गेला असता, इथे चहा दोनदा गार होईपर्यंत संस्थेचं मशीन उभं राहिलं. मी हे पुस्तकात शिकले होते, एका गिऱ्हाइकावर करूनही दाखवायला तयार होते, पण खरं सांगते, ते चालू झालेलं बघून माझाच विश्वास बसेना. काकांनी त्याच्या पुढ्यात हात जोडले.

मग आदल्या दिवसाचं दूध. रेनकोट चढवला आणि स्कूटर धरणाच्या रस्त्याला लावली. संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत अक्कांनी सकाळचं दूध हाताने लिहून घेतलं होतं आणि सगळ्या बायकांना निरोप धाडला होता. त्या एकेक करून आल्या आणि पदराच्या गाठीतून आदल्या दिवशीच्या ओलसर पावत्या काढून देत गेल्या. मी टाइप करत होते, अक्का मोठ्याने वाचून दाखवत होत्या. कुणी मला शिवी दिली नाही. एका म्हातारीने फक्त विचारलं, "माजं दूध सापडलं का बाई?" सापडलं म्हटल्यावर तिने माझ्यासमोर चहाची कपबशी ठेवली.

संध्याकाळी पहिली बरणी काट्यावर चढली. पावती सर्रकन बाहेर आली, नेहमीपेक्षा जरा लवकरच. अक्कांनी ती उजेडाला धरून वाचली.

"झालं की सुरू. कुटलं मशीन हाय हे?"

"नवीन. तुमचं बिऱ्हाड हलवलंय."

"आमाला तर कळलं बी न्हाई," अक्का म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

माझा जीव भांड्यात पडला. परत येताना पाऊस नव्हता तरी मी रेनकोट काढला नाही, इतकी मी माझ्यातच होते.

त्यानंतर मात्र आम्ही कुंकवावर विसंबायचं सोडलं. प्रत्येक मशीन उघडून आत खरंच कोण राहतंय ते बघितलं. काका प्रत्येक मशीनला आधी नमस्कार करायचे, मग ओल्या फडक्याने कुंकू पुसायचे, आणि ते होईपर्यंत मी थांबायचे. काय काय निघालं. एक कारखाना केव्हाच बंद पडला होता, त्याचं मशीन आमच्याकडे पूजा घेत बसलं होतं. एक दवाखाना दुसरीकडे गेला होता. रॅकच्या रॅक अशी निघाली की दिवे लुकलुकतायत, पंखे ओरडतायत आणि आत चिटपाखरू नाही. ती सगळी बंद केली. जी खरी कामाची होती त्यांच्या मालकांना मी दूध संस्थेची गोष्ट सांगितली, आणि ‘आमाला कळलं बी न्हाई’ हे अक्कांच्याच शब्दांत सांगितलं. कारखाना तयार झाला, मग शाळा, शेवटी दवाखाना. बिऱ्हाडं हलत गेली. रॅकमध्ये रिकाम्या झालेल्या जागांतून गार हवा वाया जात होती, तिथे काकांनी पत्रे कापून बसवले. नवी मशीनं थोड्या उबेतही नीट चालतात, म्हणून एसी एकेक अंश वर नेत गेलो आणि निम्मे एसी बंदच करून टाकले. एक दिवस खोलीत उभं राहून बोलताना लक्षात आलं की ओरडावं लागत नाहीये. त्याच आठवड्यात मी स्वेटर घरी नेला.

बिल उतरत होतं, पण वरच्या लोकांच्या मनात श्रावणातली ती सकाळ होती. कुंकू बघून वायर ओढणाऱ्यांच्या हातात कशाला ठेवायचं, नवी मुंबईला नेऊ, असं पुन्हा घाटत होतं. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित हेच म्हणाले असते.

भाद्रपदात एका दुपारी वॉचमनने वर फोन केला की खाली एक बाई आलीय आणि डबा तुमच्याच हातात देणार म्हणतेय. अक्का होत्या. म्हैस व्याली होती, खरवस घेऊन आल्या होत्या, दोन एसट्या बदलून. मॅडम योगायोगाने खालीच होत्या. ओळख झाल्यावर त्या अक्कांना नम्रपणे म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हाला त्रास झाला. आता कदाचित हे सगळं नवी मुंबईला जाईल. तिथे सोय जास्त चांगली आहे."

अक्कांनी डब्याचं झाकण नीट बसवलं. "सोय चांगली आसंल, बाई. मोटी जागा हाय ती. पर त्या दिशी आमचं बंद पडलं तवा ही ताई भिजत आमच्या पत्र्याखाली यून बसली. चुकलं म्हनाली, आन बसून नीट करून दिलं. मुंबईवरनं कोन यील? आमी फोन करायचा कुनाला?"

मॅडमनी खरवस खाल्ला आणि थोडा डब्यात भरून वरच्या मीटिंगला नेला. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. खाली येऊन त्यांनी इतकंच सांगितलं की बिल निम्म्याच्या खाली आलंय, गिऱ्हाईक नवी मुंबईला जायला तयार नाही, आणि खोली इथेच राहतेय. मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "त्या बाईंचे माना." मी अक्कांचे मानते, मॅडमचेही मानते, आणि काकांचेही, कारण त्यांच्या कुंकवाने घात केला नसता तर पहिलं बिऱ्हाड अजूनही हललं नसतं.

खंडेनवमीला काकांनी नवा नियम काढला. आता कुंकू मशीनला नाही, फक्त दाराच्या चौकटीला. मॅडम मला म्हणाल्या, "या वर्षी पूजेला घरचं कुणाला आणायचं असेल तर पास करून देते." मी आत्यांचं नाव दिलं.

जमीन गेल्यापासून आत्या त्या गेटच्या आत कधी आल्या नव्हत्या. रोज त्याच्यासमोरून जायच्या, पण मान वळवायच्या नाहीत. त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. गळ्यात पास अडकवताना वॉचमनला म्हणाल्या, "नीट बांद, पडंल." मग कॉरिडॉरमधून चालताना इकडेतिकडे न बघता अंदाज घेत होत्या. "गेट तिकडं, म्हंजी हिर त्या अंगाला व्हती. हितं बांध. हितनं आपलं मोटं खाचर. आंबेमोहोर लावायचो." खोलीच्या दाराशी आल्यावर थांबल्या. काकांनी करंडा पुढे केला. आत्यांनी चौकटीला कुंकू लावलं आणि आत आल्या.

"अक्काच्या संस्थेचं दूध कुटं हाय?"

मी नवं मशीन दाखवलं. "याच्यात. शाळा, कारखाना, दवाखाना, सगळे यातच आहेत."

"भांडत न्हाईत?"

"नाही."

"आपल्या भाडेकरूंपरीस बरे," त्या म्हणाल्या. मग खोलीभर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "आन तू कुटं बसतीस?"

मी माझी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी आधी एका हाताने ती जराशी ढकलून बघितली. चाकं फिरली. मग लुगडं आवरून बसल्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि हळूहळू मागे रेलल्या. पाय जमिनीला पुरत नव्हते. काका बाहेर निघून गेले.

"लावनीला वाकून वाकून कंबर गेली माजी ह्या जाग्यावर," आत्या म्हणाल्या. "आज पाठ टेकली."

खोलीत बसायला दुसरी खुर्ची होती, पण मी बसले नाही. त्या उठेपर्यंत मी त्यांच्या बाजूला उभी राहिले.